आवा आणि आपले मंडळ

(श्रीसंत गोरोबाकाका पुण्यतिथी उत्सवानिमित्त दहिसर येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या उत्सवात ‘आपला धंदा व आपली विद्या’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय एवढा विस्तीर्ण आहे की, त्याचा एखादा कोपरा धरूनच बोलले पाहिजे. आम्ही आव्याचा कोपरा धरणार आहोत, आणि त्याचे कारण लपवून ठेवण्याजोगे नाही. आज सायंकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे असा एक ठराव आहे की, मंडळाकडे ‘आवा-निधी’ या नावाने जी रक्कम पडून आहे, ती सभागृहाच्या गच्चीच्या दुरुस्तीस द्यावी. कारण आवा विझून पुष्कळ वर्षे झाली आणि ज्या कामासाठी पैसा जमविला ते कामच उरले नाही. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. गच्ची गळते, हे आम्हीही दर पावसाळ्यात पाहतो. तथापि हात वर करण्यापूर्वी हा निधी कोठून आला आणि आवा म्हणजे काय, हे नव्या पिढीच्या कानांवर घातले पाहिजे, असे आम्हांस वाटते. येथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी कितीतरी जणांनी ‘आवा’ हा शब्द घरात ऐकला असेल, परंतु त्याची धग अंगाला लागलेली नसेल.

चाक ज्याच्या त्याच्या घरचे असते. पडवीत खुंटी रोवली, चाक बसविले, दांडा हाती घेतला की एकटा माणूस घडीव काम करू शकतो. थापटणेही घरचेच. आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून थापट्याने चोपीत चोपीत जाड बुडाचे मडके मोठे व पातळ करण्याची जी कला आहे, ती बाप मुलाला आणि सासू सुनेला शिकवीत आली. येथपर्यंत कुंभाराला शेजाऱ्याची गरज पडत नाही. गरज पडते ती भाजणीच्या दिवशी.

आवा रिकामा राहिला तर जळण फुकट जाते, हे त्यातले मर्म. एका घरी वीस रांजण तयार झाले म्हणून आवा भरत नाही. रांजणांच्या पोटात घागरी हव्यात, घागरींच्या पोटात लोटकी आणि बोळकी हवीत, आणि ज्या सांदीत यांपैकी काहीच बसत नाही तेथे पणत्या आणि झाकण्या हव्यात. म्हणून रांजणे घडविणारे घर आणि पणत्या घडविणारे घर एकमेकांवाचून अडून राहते. पणतीवाल्याला स्वतंत्र आवा परवडत नाही, आणि रांजणवाल्याचा आवा पणत्यांवाचून पोकळ जळतो. आपल्यापैकी कोणी घाटावरून, कोणी तळकोकणातून, तर कोणी वसईकडून उपनगरांत आले. बोली निराळ्या, कुलदैवते निराळी. परंतु ज्या गावाहून आले त्या गावी आवा सामाईक असे, ही गोष्ट बहुतेक वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात सारखीच आढळते.

खाली गोवऱ्या आणि लाकूड, वर मडकी पालथी, सांदीत पेंढा, त्यावर जुन्या खापरांचे पांघरूण, आणि सर्वांवर राख-मातीचा लेप. मधून मधून हवेसाठी भोके. हे रचणे एका दिवसाचे काम नव्हे आणि एका माणसाचे तर नव्हेच. रचणारा जाणता लागतो. कारण आच कोठून चढेल, वारा कोणत्या अंगाने येईल आणि कोणते मडके अजून आतून ओले आहे, हे त्याने ओळखावयाचे असते. आरंभी नुसती धुरी द्यावयाची. ओलसर मडक्यास एकदम आच दिली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते, आणि एक फुटले म्हणजे शेजारची चार घेऊन जाते. धुरी संपली की आच वाढवावयाची. साधारण 500 ते 600 अंश सेल्सियसच्या टप्प्यात मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते; त्यापुढे ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, ती ‘पकली’. उघड्या आव्याची आच सामान्यतः 700 ते 900 अंशांपर्यंत जाते. आपल्या वाडवडिलांजवळ उष्णतामापक नव्हता. भोकातून दिसणाऱ्या निखाऱ्याच्या रंगावरून ते हा हिशेब करीत. काळपट तांबडा, मग पळसफुलासारखा, मग केशरी. हवा मोकळी ठेवली तर मडके तांबडे निघते. भोके बुजवून धूर आत कोंडला तर काळे. माती तीच आणि हातही तोच, फरक केवळ हवेचा.

भाजून काढलेल्या मडक्यावर टिचकी मारली की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ती कथा आपण दर पुण्यतिथीस कीर्तनात ऐकतो. बुवा तिचा पारमार्थिक अर्थ सांगतात. तो आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु कुंभाराच्या घरात ती कथा ऐकताना धंद्याची खूणही ऐकू येते. आणि ही खूण किती जुनी! अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी जोर्वे येथे 1950-51 साली डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या तांबड्या, काळ्या रेघांनी चितारलेल्या भांड्यांचे वर्णन करताना संशोधकांनी ती धातूसारखी खणखणतात, असे नमूद केले आहे. ती भांडी तीन हजार वर्षांहून जुनी. पुढे 1968 पासून 1983 पर्यंत डेक्कन कॉलेजने घोडनदीकाठच्या इनामगावी जे खोदकाम केले, त्यात त्याच काळातील कुंभाराची भट्टीही उजेडात आली.

आता दहिसरच्या आव्याविषयी. दहिसर पूर्वी ठाणे जिल्ह्यातील एक गाव. 1957 मध्ये ते बृहन्मुंबईत आले. तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी नदी गावातून वाहत मनोरीच्या खाडीस मिळते. आपली पहिली घरे येथे स्थिरावली तेव्हा खाडीच्या अंगास एका सभासदाच्या मोकळ्या जागेत विटांचा लहानसा आवा बांधला गेला. तो कोणा एकाचा नव्हता. दर भाजणीस ज्याचा जितका माल, तितका त्याचा जळणाचा वाटा. आणि त्यावर घरटी एक लहानशी रक्कम डब्यात टाकावयाची, ती आव्याच्या डागडुजीसाठी. कच्च्या मालावर प्रत्येक घराची खूण ओरखडलेली असे: कोणाची उभी रेघ, कोणाचा ठिपका, कोणाचे त्रिशूळ. एखाद्याचा रांजण फुटून दुसऱ्याचा माल गेला तर भरपाई मागावयाची नाही, हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता आणि तो मोडल्याचेही आमच्या ऐकिवात नाही. त्या डब्यातील शिल्लक म्हणजे आजचा आवा-निधी. तो देणगीचा पैसा नव्हे, वर्गणीचाही नव्हे. भाजणीगणिक साठलेला पैसा आहे.

मातीविषयीचे ज्ञानही असेच वाटून घेतलेले असे. खाडीची माती दिसावयास सुरेख, लोण्यासारखी मऊ. परंतु तिच्यात मीठ. तिचे मडके वाळताना आणि भाजल्यावरही अंगावर पांढरा लोणा धरते. म्हणून भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणची माती घ्यावी लागे, आणि ती ओळखण्याचे काम बहुधा एखाद्या म्हातारीकडे असे. ती चिमूटभर माती जिभेवर ठेवी आणि ‘घ्या’ किंवा ‘टाका’ एवढेच सांगे. दुसरा शत्रू चुनखडी. मातीत हरभऱ्याएवढा खडा राहिला तर भाजणीत त्याचा चुना होतो. मडके चांगले दिसते, विकले जाते, आणि काही दिवसांनी तो चुना हवेतील ओल पिऊन फुगतो व वरचा टवका उडतो. गिऱ्हाईक परत येते ते भांडावयासच. म्हणून माती भिजवून, गाळून, पायांनी तुडवून घेण्यात आळस केलेला चालत नाही. पाण्याच्या माठासाठी त्या मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतात. आव्यात ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगावर वाळते आणि वाळता वाळता आतले पाणी गार करते. शीतकपाट घरोघर आले तरी चैत्र-वैशाखात माठाची दुकाने चालतात, यामागे हेच आहे. लिदेचे प्रमाण किती? प्रत्येक घराचे निराळे, आणि सर्वांचे मुठीत. हे प्रमाण कोणी वहीत उतरलेले आम्ही पाहिलेले नाही.

‘आपण कारागीर माणसे, आपल्याला मंडळे आणि निधी कोणी शिकविले?’ असे कोणी विचारील. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने तेथील विहारातील आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमचा ठेवा ठेवला. तो तिने राजाकडे ठेवला नाही की सावकाराकडे ठेवला नाही. कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवला. कुलरिकांच्या श्रेणीकडे 1000 कार्षापण, जलयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे 2000, आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडेही काही. ‘कुलरिक’ म्हणजे कुंभार, असा अर्थ विद्वान लावतात. मुद्दल श्रेणीने वापरावे, व्याजातून औषध द्यावे, अशी ती व्यवस्था. परक्या कुळातील स्त्री आपला पैसा कुंभारांच्या मंडळीकडे निःशंक सोपविते, याचा अर्थ त्या मंडळीला शिस्त होती, हिशेब होता आणि पत होती. बारा बलुतेदारांतील एक म्हणून खळ्यावर सुपाने धान्य घेण्याची वेळ आपणांवर पुढे आली. बलुत्यात पोट भरत होते, नाही असे नाही. परंतु त्या व्यवस्थेत मागण्याची सवय लागली आणि श्रेणीची पत विस्मृतीत गेली, हे आमचे स्पष्ट मत आहे.

धंदा का बसला, याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर फार वेळ घालवीत नाही. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरास यंत्राच्या कौलांचा कारखाना काढला आणि चाकावर नळा घडवून, तो उभा चिरून केलेली आपली नळीची कौले हळूहळू छपरांवरून उतरली. मग ॲल्युमिनियमची पातेली आली, नळाचे पाणी आले, प्लास्टिकची घागर आली. मुले शिकली, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत लागली. ते उत्तमच झाले. राहिल्या त्या संक्रांतीची सुगडे, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि लग्नातील बोहोल्याच्या उतरंडी. गणपतीच्या मूर्तींचे काम पुष्कळ घरांनी धरले आहे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून गेली काही वर्षे जी न्यायालयीन वादावादी चालली, तिच्यामुळे शाडूला पुन्हा मागणी आली आहे. यात आनंद आहे. मात्र शाडूची मूर्ती भाजावयाची नसते. मूर्तिकला वाढली म्हणून आव्याची विद्या वाचली, असे कोणी समजू नये.

दहिसरचा आवा कशाने विझला? आजूबाजूस इमारती उठल्या आणि धुराची तक्रार झाली. तक्रार खोटी नव्हती. लहान मुले आणि दमेकरी यांच्या खिडकीखाली आपण धूर सोडीत होतो. आपण समजूतदारपणे आवा बंद केला, ते योग्यच केले. परंतु त्याबरोबर एक गोष्ट घडली, तिचा हिशेब कोणी मांडला नाही. काहींनी घरात विजेची लहान भट्टी आणली, काही तयार भाजलेला माल आणून नुसता रंगवून विकू लागले. चार घरे एका जागी रात्र काढीत, त्या रात्री जे बोलणे होई, ते थांबले. ‘तुझी झाकणी वाकडी का झाली’, ‘यंदाची माती अशी का तुटते’ ही चौकशी आव्यापाशीच होत असे. आता आपण भेटतो ते वधूवर-परिचय मेळाव्यात आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात. तेही हवेच.

सामाईक आवा आजच्या काळात चालतच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली आपली प्रजापती मंडळी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून नांदत आहे. घरांच्या मधल्या अंगणात भट्ट्या, आणि एका भट्टीवर अनेक घरांचा माल. त्यांनाही धुराचा आणि पुनर्विकासाचा प्रश्न भेडसावीत आहे, परंतु ती विद्या आजही तेथे हातांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीस कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1950 च्या दशकात ग्रामोदय संघ उभारला आणि तेथील कुंभारांना बरोबर घेऊन मातीकामास शास्त्राची जोड दिली. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. आणि जपानात, क्यूशू बेटावर ओंता म्हणून डोंगरातील एक वस्ती आहे. सुमारे दहा कुंभार घरे. माती सर्वांनी मिळून खणावयाची, सारखी वाटावयाची, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या उखळांत कुटावयाची, आणि टेकडीवर चढत गेलेल्या सामाईक भट्टीत कित्येक घरांनी वाटून भाजावयाची. भांड्यावर कोणी आपले नाव घालीत नाही. तीनशे वर्षे हे चालले आहे. 1995 साली जपान सरकारने त्यांच्या या कलेस राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली.

ओंत्याचे एक मात्र आम्हांस घेववत नाही. तेथे विद्या घराबाहेर जाऊ देत नाहीत. एका घरातून एकच वारस शिकतो. आपल्यातही काही वडीलधारे म्हणतात, ‘परक्याला शिकविले तर आपले काय राहील?’ त्यांना आम्ही आदरपूर्वक विचारतो की, न शिकविता तरी आपले काय राहिले? सांप्रत शहरातील सुशिक्षित मंडळी हजारो रुपये शुल्क भरून चाकावर बसावयास शिकतात. त्यांना शिकविणारे बहुधा आपले नसतात. दुसरा आक्षेप लेकीसुनांचा. माती निवडणे, तुडविणे, वाळविणे, रंगविणे, बाजारात नेऊन विकणे ही सर्व कामे स्त्रियांची. फक्त चाकाला त्यांनी हात लावावयाचा नाही, असा पुष्कळ ठिकाणी दंडक. मणिपुरात आंद्रो गावी तर मडकी घडवितात त्या स्त्रियाच, आणि तेही चाकावाचून. तेथे कोणते अरिष्ट कोसळले? मंडळाच्या वर्गात मुलींना चाकावर बसविण्यास आमची पूर्ण अनुकूलता आहे, आणि ज्या आजीबाई आज समोर बसून मान डोलावीत आहेत, त्यांचीही ती दिसते.

म्हणून आमची सूचना अशी की, आवा-निधी गच्चीस देऊ नये. गच्चीसाठी निराळी वर्गणी काढावी. आम्ही आमचा वाटा आजच चिटणिसांकडे देतो. निधीतून सर्वांच्या वापरासाठी वायूवर चालणारी एक मध्यम भट्टी घ्यावी. तिला धूर नाही म्हणावा इतका थोडा. ती औद्योगिक गाळ्यात रीतसर परवानगीने बसवावी आणि जुन्याच नियमाने चालवावी: मालाप्रमाणे वाटा, आणि घरटी डब्यात रक्कम. वायूच्या भट्टीत मडक्याला पेंढ्याच्या आव्याची झाक येणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. ती झाक ज्यांना हवी त्यांनी वर्षातून एकदा, कार्तिकात पाऊस पूर्ण उघडल्यावर, मोकळ्या माळावर एखाद्या गावी जुना आवा रचावा. जाणते अजून तिघे-चौघे आहेत, आणि रचताना त्यांच्या शेजारी तरुणांनी उभे राहावे, नुसती छायाचित्रे घेऊ नयेत.

आणखी एक छोटे काम आजच आरंभता येईल. सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेविली आहे. प्रत्येक घराने आपल्या मातीची कृती तीत लिहावी: माती कोठली, राख किती, लीद किती, किती दिवस भिजवावी, कोणत्या महिन्यात काम थांबवावे, घराची खूण कोणती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे. शाळेतील मुले लिहून घेतील. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जाहिरातींची चार पाने कमी करून हा मजकूर छापावा, अशी संपादकांना विनंती आहे. प्रमाण मुठीत सांगितले तर मुठीतच लिहावे, पण मग त्या माणसाची मूठ तराजूत घालून वजनही शेजारी मांडावे. कारण म्हाताऱ्या माणसाची मूठ आणि शाळकरी मुलाची मूठ सारखी नसते. तराजू आम्ही घरून आणला आहे, तो वहीजवळच आहे.